बी.एस्सी. नर्सिंग: चार वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं

बारावीनंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या मनात अभ्यासक्रमाचं चित्र बहुधा दोन गोष्टींपुरतं असतं: इंजेक्शन देणं आणि डॉक्टर सांगतील ते करणं. मग पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, मानसशास्त्र, समाजशास्त्र समोर येतं आणि 'हे सगळं कशाला?' असा प्रश्न पडतो. वॉर्डात रुग्णाजवळ चोवीस तास कोण असतं, हे पाहिलं की उत्तर मिळतं. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. मधल्या वेळात रुग्णाची तब्येत बिघडू लागली तर ती आधी नर्सच्या लक्षात यायला हवी, आकड्यांत सांगता यायला हवी आणि तिच्यामागचं कारणही कळायला हवं. चार वर्षांचे सगळे विषय यासाठी आहेत. तसा अभ्यास केला तर विषय एकमेकांना जोडले जातात. नुसते पेपर सोडवण्यासाठी केला, तर तिसऱ्या वर्षी वॉर्डात हात अडतो.

पुढची माहिती महाराष्ट्रात नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, २०२१-२२ पासून लागू झालेला, आठ सेमिस्टरचा. राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

प्रवेश घेण्याआधी

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. तीन शास्त्र विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. राज्य सीईटी कक्षाच्या सामायिक परीक्षेत या चार विषयांबरोबर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा हॉस्पिटल बघा. कॉलेजला स्वतःचं किंवा संलग्न असं किमान १०० खाटांचं पालक रुग्णालय असावं असा निकष आहे. पण कागदावरच्या खाटा आणि भरलेल्या खाटा यांत फरक असतो. सिनिअर विद्यार्थ्यांना गाठून तीन प्रश्न विचारा. महिन्याला साधारण किती बाळंतपणं होतात? आयसीयूत पोस्टिंग (प्रत्यक्ष कामाची नेमणूक) खरोखर मिळते का? वॉर्डात सोबत ट्यूटर असतात की मुलांना नुसतं सोडून देतात? बाळंतपणंच होत नसतील, तर सहाव्या-सातव्या सेमिस्टरला लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) भरणार कशानं? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता त्या वर्षासाठी चालू आहे ना, हेही स्वतः तपासा. मान्यता नसलेल्या जागेवर चार वर्षं घालवली, तर शेवटी नोंदणीच होत नाही. हे नुकसान पुढे कुणी भरून देत नाही.

पहिलं वर्ष: हात आणि डोळे तयार होतात

पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी संभाषण, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन (शुश्रूषेची मूलभूत कौशल्यं). दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, पोषण व आहारशास्त्र, फाउंडेशनचा दुसरा भाग आणि आरोग्यविषयक संगणक-तंत्रज्ञान. यात सगळ्यांत जास्त जीव लावावा तो फाउंडेशनवर. मोठी वाटणारी पुस्तकं नंतर परत चाळता येतात, पण हाताला लागलेली चुकीची सवय सहज सुटत नाही.

स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (माणसाच्या पुतळ्यावर) शिकवतात: हात धुणं, बेड मेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, ऑक्सिजन लावणं, कॅथेटरची निगा, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) फीड देणं, ड्रेसिंगची ट्रॉली लावणं. हात धुणं ही नुसती औपचारिकता नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३० सेकंद, आणि तेही पाच वेळी: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवाचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यावर. शेवटची वेळ बहुतेकांकडून सुटते. रुग्णाला हात लावलेला नसतो, फक्त बेडरेल आणि लॉकर हाताळलेलं असतं, म्हणून हात धुवायचे राहून जातात.

बीपी घेणं सोपं वाटतं, आणि त्यातच सर्वाधिक चुका होतात. पद्धत अशी:

१. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको. मूत्राशय भरलेलं असेल तर आधी जाऊन येऊ द्या.

२. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवा. स्वेटरवरून किंवा घट्ट गुंडाळलेल्या बाहीखाली कफ बांधू नका.

३. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं, मोठा झाला तर खोटं कमी.

४. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी होईल तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, थोडं थांबा. आता स्टेथोस्कोप लावून त्या आकड्यापेक्षा २० ते ३० मिलिमीटरने (पाऱ्याच्या मापात) वर न्या.

५. सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने हवा सोडा. पहिला ठोका म्हणजे वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं.

चौथी पायरी नवे विद्यार्थी सर्रास गाळतात. रक्तदाब वाढलेल्या काही रुग्णांत वरचा आवाज ऐकू येतो, मग मध्ये काही अंतर आवाज गायब होतो आणि पुन्हा सुरू होतो. आधी नाडीवरून अंदाज घेतला नसेल आणि कफ त्या मधल्या पट्ट्यापर्यंतच फुगवला, तर १९० चं बीपी १५० म्हणून लिहिलं जातं. रुग्णाला गोळी मिळायची ती मिळत नाही, आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि छातीची हालचाल मोजा. नाडी अनियमित असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. म्हणून सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं, आणि वॉर्डात मोबाइल बाहेर काढणं बरं दिसत नाही. कामाच्या वेळी मात्र ते मनगटाऐवजी युनिफॉर्मला लावा. मनगटावर काही असेल तर हात नीट धुतले जात नाहीत.

शरीरक्रिया वॉर्डात कशी उपयोगी पडते, याचं एक उदाहरण लघवीचं. मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत असेल, तर प्रौढ माणसाला तासाला किलोमागे किमान अर्धा मिली लघवी होते. ६० किलोच्या रुग्णाला तासाला ३० मिली. ऑपरेशन करून आलेल्या रुग्णाच्या युरोबॅगेत चार तासांत ७० मिलीच जमली असेल, तर बीपी अजून ठीक दिसत असलं तरी इन्चार्ज सिस्टरना सांगायला हवं. आधी नळी कुठे दुमडली नाही ना, हे बघा. पण बघून गप्प बसू नका.

आणि लिहायला शिका. 'रुग्ण बरा आहे' ही नोंद नव्हे. वेळ, आकडे, काय केलं, कुणाला कळवलं, एवढं हवं. चुकलं तर एक रेघ मारून सही करा. खाडाखोड नको, पांढरी शाई तर अजिबात नको. केसपेपर हा कायदेशीर दस्तऐवज असतो.

पोस्टिंगआधीची तयारी

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात. म्हणून प्रवेश मिळताच पहिला डोस घ्या. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून संरक्षण तयार झालं का, ते बघा. सुई टोचली तर बोट पिळू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, लगेच ट्यूटरना सांगा आणि नोंद करा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं लागणार असतील तर ती होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल या भीतीने लपवणं हे सुईपेक्षा जास्त धोक्याचं.

कचऱ्याच्या रंगांचा घोळ पहिल्या आठवड्यातच मिटवा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेलं ड्रेसिंग, कापूस, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. सलाईनचे सेट, कॅथेटर, ग्लोव्ह्ज, सुई काढलेल्या सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. फुटलेली काच, अँप्युल (औषधाच्या काचेच्या बंद कुप्या) निळ्यात. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही.

दुसरं वर्ष: औषधं आणि आकडेमोड

मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी आणि मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, ज्याला आता प्रौढ आरोग्य नर्सिंग म्हणतात. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास देण्याचं) प्रशिक्षणही इथेच: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

या वर्षी पाठांतरापेक्षा गणित महत्त्वाचं. सलाईनचंच घ्या. ५०० मिली चार तासांत द्यायचं आहे. सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, चार तास म्हणजे २४० मिनिटं, भागाकार ४१.६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. पाकीट वाचल्याशिवाय गणित करू नका, कारण १५ थेंबांचे सेटही असतात. मायक्रोड्रिप सेटला ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणून त्यात तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. थेंब जुळवून निघून गेलात तर काम अर्धंच झालं. रुग्णाने कोपर दुमडलं, कॉट वर-खाली केली, की वेग बदलतो. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करा, मग दुरूनही कळतं की सलाईन वेळेवर चाललं आहे की नाही.

इन्सुलिनवर जरा थांबायला हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या व्हायल (कुप्या) बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, पेनमधली काडतुसं आणि ग्लार्जिनसारखी काही व्हायल १०० युनिट प्रति मिलीची. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. समजा २० युनिट द्यायचे आहेत आणि हाताशी १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज आहे. सिरिंजवरच्या २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं की ते अर्धा मिली होतं. त्या अर्ध्या मिलीत ५० युनिट इन्सुलिन असतं, म्हणजे अडीच पट. काही वेळाने रुग्णाला घाम सुटतो, तो बडबडू लागतो, बेशुद्धही होऊ शकतो. उलट जोडी झाली तर साखर उतरतच नाही आणि डोस उगाच वाढवला जातो. म्हणून सिरिंज हातात घेतल्यावर आधी व्हायलवरचा आकडा, मग टोपणाचा रंग, मग केसपेपरवरचे युनिट. आणि दुसऱ्या सिस्टरकडून खात्री.

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) पोटॅशियम असतं. ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नाही, हृदय थांबतं. सलाईनमध्ये घालून, बाटली नीट उलटसुलट हलवून, ठरलेल्या वेगानेच द्यायचं. न हलवता लावलं तर ते तळाशी साचून पहिल्या काही मिलीतच जास्त जातं.

रक्त चढवताना पिशवी आणि रुग्णाची ओळख दोघांनी मिळून तपासायची, रक्तपेढीतून आल्यापासून अर्ध्या तासात सुरू करायचं आणि चार तासांत संपवायचं. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळच थांबा, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेव्हाच दिसतात. थंडी वाजणं, कंबर दुखणं, श्वास लागणं यांपैकी काहीही दिसलं की आधी रक्त थांबवा. फोन नंतर.

व्यावसायिक मूल्यं आणि नीतिशास्त्र हा विषयही दुसऱ्याच वर्षी येतो. त्याला पेपरपुरतं धरू नका. पडदा ओढणं, संमती घेणं, रुग्णाबद्दल लिफ्टमध्ये न बोलणं हे त्यातूनच येतं.

तिसरं वर्ष: मुलं, मन आणि गाव

बालआरोग्य, मानसिक आरोग्य, समुदाय आरोग्य, न्यायवैद्यक नर्सिंगची ओळख, शिकवण्याची तंत्रं आणि व्यवस्थापन. प्रसूतीविषयाचा पहिला भाग सहाव्या सेमिस्टरला.

बालविभागात वजनाशिवाय डोस नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं, तर १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. पण बाजारात ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५० अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३ मिली. आईला 'एक चमचा द्या' असं सांगणं म्हणूनच घातक. बाटलीवरचा आकडा दाखवा, मापाच्या टोपणावर खूण करून द्या आणि तिच्याकडून एकदा भरून घ्या.

मानसिक आरोग्याची पोस्टिंग अनेकांना घाबरवते. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दशः लिहून, आपण काय बोललो आणि त्याचा काय परिणाम झाला हे तपासायचं असतं. 'सगळं ठीक होईल' असं म्हणून विषय बदलण्याची सवय त्यात उघडी पडते. ती जाणं हीच त्या पोस्टिंगची कमाई.

समुदाय आरोग्यासाठी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं. निकष असा की सपाट भागात ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि ३०,००० ला प्राथमिक केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० आणि २०,०००. आशाताई आणि एएनएमसोबत (उपकेंद्रातल्या परिचारिकेसोबत) घरोघरी फिरा, कारण कोणत्या घरात कोण गरोदर आहे आणि कोणत्या बाळाचा डोस चुकला, हे त्यांना तोंडपाठ असतं. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. गोठलेली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची) लस वरून नीट दिसली तरी निकामी असते, म्हणून कुपी थेट बर्फाला टेकवायची नाही. नवजात बाळाला बीसीजी ०.०५ मिली, डाव्या दंडावर, त्वचेच्या थरातच. फुगवटा उठला नाही तर सुई खोल गेली असं समजा.

चौथं वर्ष: प्रसूतीकक्ष, संशोधन आणि इंटर्नशिप

सातव्या सेमिस्टरला समुदाय आरोग्य आणि प्रसूती या दोन्हींचे दुसरे भाग, आणि संशोधन व संख्याशास्त्र. संशोधनाचा गट-प्रकल्प असतो. विषय लहान निवडा, नमुना गोळा करता येईल असा.

प्रसूतीत पार्टोग्राफ भरायला मनापासून शिका. कळा, बाळाचे ठोके आणि गर्भमुखाचं उघडणं एकाच कागदावर दिसतं, आणि बाळंतपण अडलंय हे वेळेत कळतं. बाळ जन्मल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) १० युनिट स्नायूत. नाळ घाईने बांधायची नाही. बाळ रडत असेल तर एक ते तीन मिनिटं थांबा. अॅपगार स्कोअर (नवजात बाळाची तब्येत मोजणारे गुण) पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला.

झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी तपासायच्या: गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, आणि लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, खाटेजवळ काढून ठेवलेलं असावं. इथेही लघवीच्या त्याच ३० मिलीशी गाठ पडते: मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते शरीरात साचतं आणि श्वास मंदावतो.

आठवं सेमिस्टर म्हणजे २२ आठवड्यांची इंटर्नशिप: प्रौढ आरोग्य ६, आणि समुदाय, बाल, मानसिक व प्रसूती प्रत्येकी ४ आठवडे. इथे संपूर्ण शिफ्ट सांभाळायची असते, नाईटसह. ओव्हर (शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती) घेताना नुसतं ऐकू नका. प्रत्येक खाटेजवळ जा, सलाईन किती उरलंय, ड्रेन किती भरलाय, कुठला रिपोर्ट यायचाय हे डोळ्यांनी बघून घ्या. ओव्हर देताना तुम्हीही तसंच द्या.

हजेरीचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के पूर्ण असावे लागतात. बुडालेली पोस्टिंग सुट्टीत भरून काढावी लागते, आणि ती साठत गेली तर निकाल लागूनही पदवी अडते. उत्तीर्ण होण्यासाठी बहुतेक विषयांत ५० टक्के हवेत, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या; दोन महिन्यांनी कुठल्या ट्यूटरसमोर काय केलं, हे कुणालाच आठवत नाही.

निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी करायची. तिच्याशिवाय कुठेही नर्स म्हणून काम करता येत नाही. दहावी, बारावी, आधार आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे पहिल्याच वर्षी तपासून घ्या. आई-वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीच्या फरकानेही नोंदणी अडते, आणि परदेशी जायचं ठरलं तर हीच कागदपत्रं पुन्हा तपासली जातात.